रविवारच्या श्रवणबैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता शहापूर येथील नेहमीच्या माडीवर बैठक होणार असून, या वेळी टेपच्या आवर्तनांवर रचलेले संगीत ऐकण्याचे ठरले आहे. खानापूर आणि निपाणीहून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ पाहूनच यावे.

ध्वनिफितीचा तुकडा कापून त्याची दोन्ही टोके जोडली की तोच स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतो. परंतु २० आणि २१ सेकंदांचे दोन फेरे एकदम सुरू केल्यास ते पुन्हा एकाच क्षणी आरंभाशी येण्यास ७ मिनिटे लागतात, आणि दरम्यान स्वर ज्या नव्या नव्या रीतीने एकमेकांना भेटतात, त्या कोणी आधी लिहून ठेवलेल्या नसतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी विमानतळांसाठी कल्पिलेल्या १९७८ सालच्या ध्वनिमुद्रणात हीच युक्ती मानवी आवाजांवर वापरली आहे. आधी हे ध्वनिमुद्रण आणि त्यानंतर अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्की यांची रचना ऐकवली जाईल. २००१ साली जुन्या फिती डिजिटल स्वरूपात उतरवताना त्यांवरील चुंबकीय लेप फेऱ्यागणिक झडत गेला आणि ते झडणेच ध्वनिमुद्रित झाले. माझ्या मते संपूर्ण बैठकीत ऐकण्यासारखे हेच आहे.

आवाज मुद्दाम मंद ठेवला जाईल. समेची वाट पाहण्याची आपली सवय (ती मलाही आहे) त्या दिवशी काहीशी अडचणीची ठरेल. मोबाईल पूर्ण बंद ठेवावेत. चहा बैठक संपल्यावरच मिळेल.