पेन्सिल बांधणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. गाण्याच्या श्रेयनामावलीत मात्र ते आहे आणि राहील.

तुमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत आले तेव्हा माझ्याजवळ नऊ गाणी होती. शब्द माझे, चाली माझ्या, सगळी फोनवर रेकॉर्ड केलेली. त्याआधी एका ठिकाणी रेकॉर्डिंगच्या खर्चाच्या बदल्यात गाण्यांचे सगळे हक्क कायमचे लिहून मागितले होते. सही करता करता मी थांबले, पण नंतर कित्येक महिने गिटारला हात लावला नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी माइक लावलाच नाही. "आधी नुसतं वाचून दाखव," म्हणालात. मग तेच गायला सांगितलंत आणि विचारलंत, "वाचताना कळलेलं गाताना कुठे गेलं?"

पहिलं गाणं मी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, गात होते. वरचे सूर लागायचे, पण शब्द ताणले जायचे. तुम्ही मला काळी चारवर आणलंत. दोनच अर्धस्वर खाली, पण तेव्हा मला ती माघार वाटली होती. अंतऱ्याची शेवटची ओळ त्या पट्टीत बोलल्यासारखी आली आणि मी गाता गाता थांबले. इतकी वर्षं ती ओळ मी नुसती पार पाडत होते.

मग मुखड्यातले ते 'भ'! पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची ती जाळी, लावूनही प्रत्येक 'भ'ला बारीकसारीक टिपणाऱ्या कंडेन्सर माइकवर धप्प आवाज यायचा. शब्द बदलायची माझी तयारी होती. तुम्ही ऐकलं नाहीत. टेबलावरची पेन्सिल उचललीत, दोन रबरबँडनी माइकच्या तोंडापुढे मधोमध उभी बांधलीत आणि मला वीतभर मागे उभं केलंत. हवेचा झोत पेन्सिलीवर फुटून दोन्ही बाजूंना जातो, आवाज मात्र पोचतो. पुढच्या टेकला शब्द तेच राहिले, धप्प गेला.

श्वासही तुम्ही कापले नाहीत. "श्वास काढला तर पुढची ओळ कुठून आली ते कळत नाही," म्हणालात. ते वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मास्टरिंगच्या, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवायच्या वेळी मी "आवाज अजून मोठा करा ना" म्हणून हट्ट धरला होता. स्पॉटिफायसारखी ॲप्स जास्त मोठ्या आवाजाचं गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास खाली आणतात, म्हणजे मोठेपणा जातो आणि दाबलेलं गाणं तेवढं उरतं, हे तुम्ही दोन्ही प्रती सारख्या आवाजात ऐकवून पटवलंत.

सगळ्यात मोठं ऋण मात्र एका कागदाचं आहे. शब्द-चालीचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, हे मला तुम्ही सांगितलंत. गाणं बाहेर जाण्याआधी कोणाचा किती वाटा ते लिहायला बसवलंत. गाण्यातली बासरीची सुरावट तुम्हीच सुचवली होती, म्हणून मी चालीत तुमचा वाटा लिहिला, तर तुम्ही तो खोडलात. "चाल तुझी आहे. मी खिडकी उघडली फक्त." त्या रेकॉर्डिंगची ओळख असलेला बारा अक्षर-अंकी आयएसआरसी कोड आला, तेव्हा मालकाच्या रकान्यात माझं नाव होतं. मी तो रकाना आईला फोनवर वाचून दाखवला.

आता उरलेल्या आठांपैकी दोन गाणी तयार आहेत. त्यातल्या दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यात तीन 'भ' आहेत, आणि मी एकही बदललेला नाही. पेन्सिल मी घेऊन येते.

तुमची,
काळी चारवाली