आणखी दोन वर्षं स्दे बोकेरलाच

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. इथलं काम दोन वर्षांनी वाढलंय आणि मी सही करून टाकली. आधी विचारलं असतं तर बाबा "जा" म्हणाले असते आणि आईने जेवण सोडलं असतं.

बाबा, तुम्हाला तरी पटेल. आपल्या माण तालुक्यात चार-पाचशे मिलिमीटर पडून दुष्काळ. इथे इस्रायलच्या नेगेव वाळवंटात वर्षाला शंभराच्या आसपास, तोही फक्त हिवाळ्यात. तरी जवळच्या अवदात या प्राचीन शहराजवळ दीड हजार वर्षांपूर्वी द्राक्षं पिकत. इथली लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती पहिल्या सरीतच वरून घट्ट होते; पाणी मुरत नाही, पळतं. ते ओघळीत दगडी ताली घालून अडवायचं. एक एकर रान भिजवायला वरचा वीस-तीस एकर उतार मोकळा लागतो. 1950च्या दशकाअखेरीस एवेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत तिथलं जुनं शेत दुरुस्त करून बदाम, जर्दाळू लावून दाखवले. वरच्या रानात तुम्ही ताल रचताना मी फ्रॉकच्या ओच्यात दगड आणायचे ना, तेच काम आता पगारावर करते. तुम्हीच लावलेली सवय, मग रागावणार कुणावर?

स्दे बोकेर गाव लहानसं. सामायिक मालकीचं, त्याला किबुत्झ म्हणतात, 1952चं. पुढच्याच वर्षी बेन गुरियन पंतप्रधानपद सोडून इथे राहायला आले, मेंढ्यांच्या वाड्यात राबले. आता खाऱ्या भूजलावर ऑलिव्ह आहेत. सगळे म्हणतात, ओसाडात गाव वसवलं. बेदुईन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, इथल्या ओढ्यांत आधीपासून सातू पेरत होते, ते मात्र कुणी सांगत नाही.

आई, खाण्याचे हाल नाहीत गं. दिमोना शहरात आपल्याकडून आलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू आहेत. तिथल्या दुकानात पोहे, डाळी मिळतात, आणि एक आजी "जेवलीस का?" असं चक्क मराठीत विचारतात. रात्री थंडी पडते, तेव्हा तुझी गोधडी घेते. तिला अजून घरचा वास आहे, म्हणून धुतली नाही. ओरडू नकोस.

बातम्या दिवसभर लावून बसू नका. सायरन झाला तर जायची पक्की खोली माझ्या दाराशेजारीच आहे.

आता ऐका. बाबा, बी.पी.ची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही, आणि मोटर चालू करायला रात्री विहिरीवर एकट्याने जायचं नाही. आई, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखव, तेल चोळून किती दिवस काढशील? दादाला सांगितलंय, सोमवारी तो गाडी घेऊन येईल. त्याच्यासमोर "काही नाही रे, बरी आहे" म्हणायचं नाही.

तुमची,
ताई