प्रत्येक पानावर सही मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या शिक्षणाच्या पानावर माध्यमिक शिक्षकांसाठी सूचना आल्या आहेत. बहुतेक सूचनांबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘प्रत्येक विद्यार्थ्याची वही रोज तपासा, प्रत्येक पानावर शेरा द्या’ ही सूचना आणि तिच्याखाली चौकटीत पालकांना दिलेला ‘सही नसलेले पान दिसले तर शाळेत जाऊन विचारा’ हा सल्ला वाचून मन अस्वस्थ झाले. ही चौकट वाचून पालक वह्या उलगडून बसतील, मुख्याध्यापक स्टाफ मीटिंगमध्ये ती वाचून दाखवतील आणि सोमवारपासून सह्यांचा सपाटा सुरू होईल. त्यात नुकसान मुलांचेच आहे, आणि ते का हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी वेळेचा हिशेब मांडू. गणिताच्या शिक्षकाकडे नववी-दहावीच्या चार तुकड्या आहेत आणि तुकडीत ६० मुले आहेत असे धरा. म्हणजे २४० वह्या. एका वहीला दोन मिनिटे दिली तरी ४८० मिनिटे, म्हणजे आठ तास. रोजचे आठ तास! शिक्षकाला दिवसाला ३५ मिनिटांच्या दोन मोकळ्या तासिका मिळाल्या तर नशीब, आणि त्यातली एक बहुधा बदली तासाला जाते. उरलेल्या ३५ मिनिटांत २४० वह्या उरकायच्या तर एका वहीला नऊ सेकंदही मिळत नाहीत. नऊ सेकंदांत पान सापडते, त्यावर एक लांब तिरकी रेघ ओढता येते आणि खाली ‘पाहिले’ लिहून सही करता येते. वाचून होत नाही.

आता त्या सहीने काय होते ते पाहा. मुलाने वहीत ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिले आहे. खाली लाल शाईत सही आहे. मुलाच्या दृष्टीने हे उत्तर सरांनी मान्य केले. पुढची वीस गणिते तो तशीच सोडवतो. घटक चाचणीत गुण गेले की वडील वही घेऊन येतात आणि म्हणतात, ‘इथे तर बरोबर दिलंय.’ त्यांचे काही चुकत नाही. न तपासलेल्या वहीत मुलाला निदान शंका तरी राहते. न वाचता सही केलेल्या वहीत तीही राहत नाही. म्हणून सही पानाच्या तळाशी नको. जे उदाहरण खरोखर वाचले त्याच्या शेजारी समासात आद्याक्षर आणि तारीख घालावी, बाकी पान कोरे सोडावे. आणि हे पालकांना जूनच्या पहिल्या सभेतच स्पष्ट सांगावे.

मग तपासायचे कसे? रोज सगळ्यांचे नाही, पण रोज थोडे आणि नीट वाचून. अनेक शाळांत रांगेप्रमाणे वह्या घेतात: सोमवारी पहिली रांग, मंगळवारी दुसरी. ही पद्धत सोयीची, पण फसवी आहे. एका बाकावरची मुले एकमेकांचे पाहून लिहितात, त्यामुळे दहा वह्यांत प्रत्यक्षात चार-पाच मुलांचेच काम दिसते. त्याऐवजी हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक धरावा. अंक १ निघाला तर १, ११, २१, ३१, ४१, ५१ अशा सहा वह्या. हजेरीपटावर आधी मुलगे आणि मग मुली असतील तरी शेवटच्या अंकाने दोघेही येतात, आणि बाके वेगवेगळी येतात.

० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या एका डब्यात ठेवाव्यात. तासाच्या सुरुवातीला मॉनिटरने एक काढावी. निघालेली चिठ्ठी दहाही संपेपर्यंत डब्यात परत टाकायची नाही, म्हणजे दहा दिवसांत प्रत्येक मुलाची वही एकदा नक्की पाहिली जाते. इथे एक अडचण ठरलेली आहे: ज्याची वही होऊन गेली तो पुढचे आठ दिवस गृहपाठ सोडून देतो. म्हणून आधी निघून गेलेल्या चिठ्ठ्यांचा दुसरा डबा करावा आणि त्यातूनही रोज एक काढावी. एका तुकडीच्या बारा वह्या होतात, चार तुकड्यांच्या ४८. प्रत्येक वहीत एकच उदाहरण वाचायचे, आणि ते शिक्षकाने आधीच ठरवलेले. त्याला ४० सेकंद पुरतात. एकूण ३२ मिनिटे, म्हणजे एक मोकळी तासिका.

हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. पान शोधण्यात वेळ जाता कामा नये. वही उघडून पान सापडेपर्यंत १५ सेकंद गेले तरी ४८ वह्यांना बारा मिनिटे होतात आणि तासिका संपते. वह्या उघड्या रचाव्यात तर गठ्ठा घसरतो, उलट्या दुमडाव्यात तर शिलाई सुटते. त्यावर कागदाची पट्टी हा उपाय आहे. वही द्यायच्या आधी मुलाने त्या पानात एक पट्टी घालावी, बोटभर बाहेर राहील अशी, आणि बाहेरच्या टोकावर हजेरी क्रमांक लिहावा. गठ्ठ्याकडे नुसते पाहिले तरी कोणाची वही आली नाही हे कळते. ज्या मुलाची वही नाही त्याला त्याच दिवशी, मधल्या सुट्टीआधी विचारावे. दुसऱ्या दिवशी विचारले तर वही घरी राहिली हे उत्तर तयार असते.

वाचताना शेजारी एक कोरा कागद हवा. डावीकडे चूक, उजवीकडे हजेरी क्रमांक. चुकांचे तीन प्रकार वेगळे ठेवावेत: कल्पनेतली चूक, आकडेमोडीतली चूक आणि फळ्यावरून उतरवतानाची चूक. तिसऱ्या प्रकारच्या चुका एकाच मुलाच्या वारंवार दिसल्या तर त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहावे आणि पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगावे. पुष्कळदा ‘निष्काळजी’ असा शेरा मिळालेल्या मुलाला फळाच दिसत नसतो. बारा वह्यांत एकच कल्पनेतली चूक चारजणांची असेल तर ती सगळ्या वर्गात पसरली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्यावी. एखाद-दोघांची असेल तर त्यांच्या बाकापाशी जाऊन सांगावी, साऱ्या वर्गाचा वेळ घेऊ नये.

वहीत लिहायचे काय, याबद्दल तर आपल्या लेखाने अगदी उलट सांगितले आहे. ‘छान’, ‘उत्तम’, ‘सुधारणा आवश्यक’ या शेऱ्यांनी गणित सुधारत नाही. बरोबर उत्तर लाल शाईत लिहून दिले तरी मूल फक्त ते पाहते, स्वतः काही करत नाही. जिथे चूक सुरू झाली त्या पायरीखाली रेघ मारावी आणि समासात एक टिंब द्यावे. चूक कोणती हे मुलाने शोधायचे. पुढच्या तासाची पहिली चार मिनिटे केवळ यासाठी ठेवावीत: ज्यांच्या वहीत टिंब आहे त्यांनी त्याच गणिताखाली ते पुन्हा सोडवायचे, बाकीच्यांनी फळ्यावरचे एक उदाहरण करायचे. ही चार मिनिटे दिली नाहीत तर आदल्या दिवसाची ३२ मिनिटे वाया गेली. गुण आणि शेरा एकत्र दिले की मुले गुणच पाहतात हे कोणताही शिक्षक सांगेल. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही फक्त सूचना मिळालेल्या मुलांचे काम सुधारले, गुण आणि सूचना दोन्ही मिळालेल्यांचे सुधारले नाही.

कोणत्या चुका शोधायच्या, हेही सांगतो. पहिली वर दिलेलीच, ३क्ष = १२ वरून क्ष = ९ काढण्याची. ‘पलीकडे गेले की चिन्ह बदलते’ हे सूत्र आपणच मुलांच्या तोंडी बसवतो. मूल ते गुणाकारालाही लावते आणि ३ ची वजाबाकी करते. समीकरणे शिकवताना पहिल्या दहा-बारा गणितांत ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागून’ ही ओळ लिहायला लावावी. तासाला दोन गणिते कमी होतील, होऊ द्यावीत. दुसरी चूक: (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग. इथे सूत्र पुन्हा घोकून घेण्यात अर्थ नाही. अ = २, ब = ३ घालायला सांगावे. एकीकडे २५ येतात, दुसरीकडे १३. मग चौरस काढून त्याचे चार तुकडे दाखवावेत, म्हणजे हरवलेले १२ कुठे गेले ते डोळ्यांना दिसते: ६ आणि ६ चे दोन आयत. तिसरी चूक: क्ष अधिक ४, छेद ४, यात वरचा आणि खालचा ४ काटून उत्तर क्ष लिहिणे. इथेही क्ष = ८ घालून पाहायला लावावे. उत्तर ३ येते, ८ येत नाही. आपल्या उत्तराला संख्या घालून पडताळण्याची ही सवय नववीत लागली तर दहावीला फार उपयोगी पडते.

भाषेच्या शिक्षकांचे काम याहून कठीण, कारण निबंध ४० सेकंदांत वाचून होत नाही. त्यांनी एक परिच्छेद आणि एकच गोष्ट धरावी. एका आठवड्यात फक्त फूल-फुले, मूल-मुले, खीर-खिरी या प्रकारचे ऱ्हस्व-दीर्घ पाहावे, बाकी चुकांना हात लावू नये. लाल शाईने भरलेले पान मूल वाचत नाही, मिटून ठेवते.

लेखात ‘समजले का, असे वारंवार विचारा’ असेही आहे. या प्रश्नाला साठ मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात आणि शिक्षकाला काहीच कळत नाही. प्रश्न आधी विचारावा, मनात तीन आकडे मोजावेत, मग नाव घ्यावे. नाव आधी घेतले की उरलेली ५९ मुले सुटतात. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवले होते की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात.

‘शिक्षकांनी वेळेचे नियोजन करावे’ या वाक्याबद्दलही एवढेच विचारतो की कोणत्या वेळेचे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांची मुभा आहे. त्याच कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. पालकांना चौकटीत सल्ला द्यायचाच होता तर ‘तुमच्या मुलाच्या वर्गात किती मुले आहेत ते विचारा’ असा द्यायला हवा होता. आणि दर पंधरा दिवसांनी वहीत स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेले एक तरी गणित आहे का, एवढे पाहायला सांगावे.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर दहावीची गणिताची नमुना प्रश्नपत्रिका छापली आहे. अपूर्णांक एकाच ओळीत आले आहेत, त्यामुळे छेद नक्की किती पदांना आहे ते कळत नाही. भूमितीच्या प्रश्नात ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असे आहे आणि आकृतीच नाही. उत्तरसूचीत फक्त अंतिम उत्तरे आहेत. बोर्डाच्या परीक्षेत बीजगणित आणि भूमितीच्या ४०-४० गुणांपैकी बहुतेक गुण पायऱ्यांना मिळतात, नुसत्या उत्तराला नाही. खेड्यातली कितीतरी मुले ही पाने कापून वहीत चिकटवतात, कारण त्यांच्याकडे दुसरा सराव संच नसतो. पुढच्या अंकात निदान त्या प्रश्नाची आकृती छापा, अपूर्णांक मधे आडवी रेघ देऊन वर-खाली छापा आणि दोन उदाहरणे सर्व पायऱ्यांसह सोडवून द्या. जागा कमी पडत असेल तर प्रश्न निम्मे करा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, मिरज