परळच्या खोलीचं भाडं देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. समाजसेविका ताई एवढंच म्हणाल्या, "निवृत्त आहेत, पेन्शन जमा झाली की तीन हजार पाठवतात आणि नाव सांगू नका म्हणतात." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुठूनतरी तुमच्या वाचनात येईल.

आमच्या मुलीला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने आलो, दादरला उतरलो, तिथून परळला टाटा हॉस्पिटल. उपचाराचा मोठा खर्च महात्मा फुले योजनेतून आणि मदतनिधीतून भागला. गावाकडे सगळ्यांना वाटलं, आता काय काळजी! पण किमो दिली की पोरीचे काउंट, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी, खाली येत. अशात ताप आला तर तासाभरात हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाहेरचं खाणं बंद, पाणी उकळूनच. हे फूटपाथवर राहून कसं जमणार? पहिले नऊ दिवस आम्ही तिथेच काढले. मालकांची मजुरी बुडालेली, धाकटा आजीजवळ, तो फोनवर बोलायलाही यायचा नाही.

मग तुमच्या पैशांतून खोली मिळाली. तीन कुटुंबांत एक, पण दार लावता येत होतं. गॅस होता. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिला रात्री दोन वाजता भूक लागायची, तेव्हा मी उठून गरम वरणभात करून देऊ शकले. तोंड आलं की तोच भात पातळ करून चमच्याने भरवायचे.

काका, खरी गोष्ट आता सांगते. महिनाभराने रिपोर्ट आला, हाडांतल्या मगजात कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. घरून निरोप आला, "बरी झाली ना, घेऊन या. सोयाबीन काढायला माणूस नाही." माझंही मन फिरलं होतं. पिशवी भरली होती मी. ताईंनी बसवून समजावलं, की दिसत नाही म्हणजे संपला असं नाही, आत्ता सोडलं तर उलटतो, अडीच वर्षं पुरी करावी लागतील. अडीच वर्षं! कशाच्या जोरावर थांबायचं, विचारलं. त्यांनी वहीत बघून सांगितलं, "तुमच्या भाड्याची सोय पुढेही आहे." मी पिशवी रिकामी केली.

पहिले आठ महिने परळ सुटलं नाही. पुढे गोळ्या घरीच सुरू झाल्या, पण तपासणीला आणि पाठीतल्या इंजेक्शनला यावंच लागे. त्या दोन-तीन दिवसांची सोयही तुम्हीच केलीत. एकही महिना चुकला नाही. तुमच्याही घरी दुखणीखुपणी, सणवार असतीलच.

शेवटची गोळी संपली. ती आता तिसरीत आहे. केस दाट आलेत, दोन वेण्या घालते आणि रिबिनीवरून माझ्याशी भांडते. धाकटा तिच्या मागेमागे असतो.

गेल्या तपासणीला येताना शेंगदाण्याचे लाडू आणले होते, आमच्याच शेंगांचे. डबा ताईंकडे दिला आहे. वरचे पाच-सहा वेडेवाकडे आहेत, ते तिने वळलेत.

तुमची,
तिची आई