निद्रिस्त मुलीच्या फोटोखालची ती ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ग्रीसच्या सहलीवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे. पण अथेन्सच्या ‘पहिल्या स्मशानभूमी’तल्या झोपलेल्या मुलीच्या संगमरवरी शिल्पाचा फोटो देऊन त्याखाली ‘हिच्याच प्रेमात शिल्पकाराला वेड लागलं’ एवढी एकच ओळ छापली आहे. शिल्पकाराचं नावही नाही. मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

नाव यानूलिस हालेपास. थडगं आहे सोफिया अफेंताकी या 18 व्या वर्षी क्षयाने गेलेल्या मुलीचं. तिच्या घरच्यांनी रीतसर काम दिलं आणि विशीतल्या हालेपासने 1877-78 च्या सुमारास ते केलं. प्रेमाचा संबंध लावायचाच तर गावाकडच्या एका वेगळ्याच मुलीचा आहे. तिला त्याने मागणी घातली आणि तिच्या घरच्यांनी नकार दिला, असं त्याच्या चरित्रात येतं. तेवढ्याने माणूस चाळीस वर्षं हरवतो, असं मानायला मी तयार नाही. पण गाइडला गोष्ट लागते आणि आपल्याला ती घरी आणायला आवडते.

हालेपासचा जन्म 1851 चा, तिनोस बेटावरच्या पिर्गोस गावचा. हे गाव पाथरवटांचं. वडिलांचा संगमरवराचा मोठा धंदा होता, स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) आणि बुखारेस्टपर्यंत शाखा होत्या. मुलाने हिशेब सांभाळावेत अशी घरची इच्छा, पण त्याने छिन्नी धरली. अथेन्सला लिओनिदास द्रोसिसकडे शिकला आणि 1873 मध्ये तिनोसच्या प्रसिद्ध देवस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन म्युनिकला गेला. गंमत पाहा, ग्रीक मुलाने ग्रीक शिल्पांची रीत शिकायला जर्मनी गाठायची! आपल्या जे.जे.तही त्या काळी पोरं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींवरूनच हात बसवत होती. शिष्यवृत्ती मध्येच थांबली आणि 1876 मध्ये तो परत आला.

‘निद्रिस्त मुलगी’ त्या शिक्षणातूनच आली. काम अप्रतिम आहे, वाद नाही. उशी दबलेली दिसते, चादरीच्या चुण्या खऱ्या वाटतात. पण लगेचच त्याचं मन बिघडलं. तो स्वतःची शिल्पं फोडू लागला, जीव द्यायचे प्रयत्न झाले. हवापालट म्हणून घरच्यांनी इटलीला पाठवून पाहिलं, उपयोग झाला नाही. 1888 मध्ये त्याला कॉर्फू बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि तिथे तो 14 वर्षं होता. वडील 1901 मध्ये गेले, पुढच्या वर्षी आईने त्याला घरी आणलं.

आणि मग आईनेच त्याला काम करू दिलं नाही. मूर्तिकामानेच पोराचं डोकं फिरलं, अशी तिची पक्की समजूत होती. तो मातीचं काही घडवी, ती मोडून टाकी. कागदावर काही काढी, तेही नष्ट करी. तिला खलनायिका ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मुलाला इस्पितळातून सोडवून आणणारी तीच होती, आणि ज्या गोष्टीने तो पुन्हा बिघडेल अशी तिला भीती वाटे ती गोष्ट तिने घराबाहेर ठेवली. पण परिणाम असा, की एकेकाळी म्युनिकमध्ये शिकलेला माणूस पिर्गोसच्या डोंगरावर मेंढ्या राखत फिरे आणि गाव त्याला खुळा म्हणे.

1916 मध्ये आई वारली. हालेपास तेव्हा 64-65 वर्षांचा. त्यानंतर तो पुन्हा मातीकडे वळला.

खरी गोष्ट इथून सुरू होते आणि नेमकी तीच फोटोखाली बसत नाही. म्युनिकची ती गुळगुळीत सफाई या कामात उरलेली नाही. आकृत्या जाडसर, ओबडधोबड, जणू एकाच ढेकळातून निघाल्यासारख्या; एखाद्या मोठ्या डोक्याच्या आधाराला दुसरी लहान आकृती चिकटलेली. चित्रंही तशीच, जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या पानांवर आकड्यांवरूनच काढलेली, एकावर दुसरी चढलेली. ज्या वह्या त्याने सांभाळाव्यात असं वडिलांना वाटे, त्यांचा असा उपयोग झाला. विषय मात्र जुनेच. तरुणपणी घडवलेला सॅटर, म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस-अर्धा पशू वनदेव, आणि त्याच्याशी खेळणारा लहानगा प्रेमदेव इरॉस तो पुन्हा पुन्हा करतो. ग्रीक पुराणकथेतली, पोटच्या मुलांना मारणारी मीडिया तर त्याला सोडतच नाही. यात त्याचेच आईवडील शोधणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मला विचाराल तर नुसतं डोळ्यांनी पाहिलं तरी पुरे.

अथेन्सला याची वार्ता लागली ती थोमास थोमोपूलोस या शिल्पकला प्राध्यापकामुळे. त्याने या मातीच्या कामांच्या प्लास्टर प्रती काढल्या आणि 1925 मध्ये अथेन्सच्या अकादमीत त्यांचं प्रदर्शन झालं. दोन वर्षांनी अकादमीने हालेपासचा गौरव केला. 1930 मध्ये पुतणी त्याला अथेन्सला घेऊन आली आणि 1938 मध्ये मरेपर्यंत तो काम करत राहिला. या शेवटच्या दोन दशकांतलं काम ‘निद्रिस्त मुली’पेक्षा मोठं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं एखाद्या हुशार विद्यार्थ्याकडूनही झालं असतं, दुसरं हालेपासशिवाय कोणाकडून होणार नव्हतं. वेडातून प्रतिभा येते असलं काही मात्र कोणी यातून काढू नये. आजाराच्या ऐन वर्षांचं त्याचं काम जवळजवळ नाहीच.

लेखात मिकोनोसचे चार फोटो आहेत. तिनोस तिथून बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास आहे. पिर्गोसमध्ये हालेपासचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. तिथली संगमरवर घडवण्याची परंपरा 2015 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. अथेन्समध्येच थांबणाऱ्यांसाठी गुडी भागातलं राष्ट्रीय शिल्पसंग्रहालय आहे. जमल्यास पुढच्या एखाद्या अंकात त्याच्या उतारवयातल्या एका शिल्पाचा फोटो छापावा, आणि खाली निदान नाव आणि साल द्यावं.

कळावे,
आपला एक जुना वाचक, सांगली