टेबलाच्या अलीकडची खुर्ची

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही आणि मी ते इथे लिहीतही नाही. पेडण्याहून पहिल्या बसने म्हापशाच्या सरकारी इस्पितळात तुमच्याकडे आलेली, चौथा महिना चालू असलेली बाई, एवढं पुरे. शुक्रवारच्या बाजाराला जाते असं सासूबाईंना सांगून मी निघाले होते.

त्याआधी एका खासगी लॅबमध्ये माझा व्हीडीआरएल, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या सिफिलिसच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. काउंटरवरच्या माणसाने कागद देताना चार जणांसमोर विचारलं, "तुजो घोव खंय कामाक आसता?" म्हणजे तुझा नवरा कुठे कामाला असतो? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पोटातलं बाळ आणि मी, दोघंही गुन्हेगार ठरलो असं वाटलं.

तुम्ही मात्र आधी दार लोटलंत, टेबलापलीकडची खुर्ची उचलून माझ्या शेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "बाळाला वाचवता येतं. आधी एवढं ऐका." मग बाकीचं सांगितलंत. गावात जिला गरमी म्हणतात तो हा सिफिलिस. गरोदरपणात व्हीडीआरएल कधी कधी उगाचही पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही दुसरी रक्तचाचणी करून खात्री करायची. एचआयव्हीची चाचणी करू का, असं तुम्ही मला विचारलंत. माझ्याच रक्ताबद्दल तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं.

टीपीएचएही पॉझिटिव्ह आली. "हे कुणामुळे?" मी रडत विचारलं. तुम्ही म्हणालात, "रक्त ते सांगत नाही. हा आजार काही त्रास न देता वर्षानुवर्षं अंगात राहतो. पण तुम्ही एकट्याच औषध घेतलंत तर तो पुन्हा होऊ शकतो. त्यांनाही घेऊन या."

ते आले, पण फाटकाबाहेर स्कूटरला टेकून उभे राहिले. वर यायला तयार नव्हते. तुम्ही खाली गेलात. काय बोललात ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. दहा मिनिटांनी ते जिना चढून आले आणि शर्टाची बाही वर करून माझ्या शेजारी बसले.

दर आठवड्याला एक, असे पेनिसिलिनचे तीन डोस, 24 लाख युनिटचे, अर्धं इंजेक्शन एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. बसमध्ये टेकता येत नव्हतं. तिन्ही वेळा तुम्ही दारात येऊन विचारलंत, "जेवून आलात ना?"

बाळंतपणाआधी माझा व्हीडीआरएलचा आकडा 1:32 वरून 1:4 वर उतरला होता, म्हणजे औषध लागू पडलं होतं. बाळाचंही रक्त तपासलं. ती ठणठणीत आहे, सात महिन्यांची झाली, आता रांगते.

ताई, तुमचे आभार कसे मानू? औषध सरकारने दिलं, पण ते घ्यायला मी पुन्हा आले ती तुमच्यामुळे.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंना तिसऱ्या महिन्यात तपासणीला घेऊन आले होते. भावोजींनाही सोबत आणलं. तुम्ही रजेवर होतात. खुर्ची मात्र टेबलाच्या अलीकडेच होती. जाऊबाईंना मी तिथे बसवलं.

तुमची कृतज्ञ,
पेडण्याची एक आई