दिंडीतली मुले मांडवात कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. तिच्यापासून सुरू झालेली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांची परंपरा साताऱ्याच्या ९९ व्या संमेलनानंतर आता शंभराव्या संमेलनाच्या उंबरठ्यावर उभी आहे. अध्यक्ष कोण, स्थळ कोणते, शासनाचे अनुदान किती आणि व्यासपीठावर राजकीय नेते किती, ही चर्चा नेहमीप्रमाणे होईल आणि ती व्हायलाही हवी. मला मात्र आपल्या पत्रातून एका लहान वाटणाऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. कडेवर एक आणि हाताशी एक मूल घेऊन साहित्योत्सवाच्या प्रवेशद्वाराशी आलेल्या बाईने आत येऊन नेमके काय करायचे?

मी तालुक्याच्या गावातील एका शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयात बावीस वर्षे ग्रंथपाल आहे. साहित्य संमेलने, ग्रंथालय संचालनालयामार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत होणारे ग्रंथोत्सव, गावोगावची विभागीय संमेलने या साऱ्यांना प्रवेश विनामूल्य असतो. संमेलनाचे प्रतिनिधी शुल्क भरतात ते निवास-भोजनाच्या सोयीसाठी. श्रोत्याला कोणी तिकीट विचारत नाही. ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु विनामूल्य प्रवेश म्हणजे सर्वांना प्रवेश, असे आयोजक धरून चालतात, तेथे चूक होते. खेड्यातून येणाऱ्या कुटुंबाचा एक दिवसाचा रोज बुडतो. महिलांना एसटीत २०२३ पासून निम्मे तिकीट झाले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट आधीपासून आहेच, त्यामुळे प्रवासाचा भार हलका झाला हे खरे. पण एवढे करून मांडवात पोहोचलेले मूल तीन तासांच्या परिसंवादात अर्ध्या तासाने कंटाळते, रडते, शेजारचे श्रोते मागे वळून पाहतात आणि आई त्याला घेऊन बाहेर येते. पुढच्या वर्षी ती येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ग्रंथोत्सवात जे पाहिले ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते कोणत्याही गावात घडू शकले असते. ग्रंथदिंडी सकाळी आठची होती. सात वाजल्यापासून जिल्हा परिषदेच्या आणि खासगी शाळांची मुले चौकात रांगेत उभी होती. कोणी जिजाऊ, कोणी सावित्रीबाई, कोणी तुकोबा. मुलींच्या हातात लेझीम, डोक्यावर तुळस. पालखीत रीतीप्रमाणे ज्ञानेश्वरी, गाथा आणि भारतीय संविधान ठेवले होते. पाहुणे साडेनऊला आले. दिंडी अकरा वाजता मांडवात पोहोचली, तेव्हा मुलांना मागच्या खुर्च्यांवर बसवण्यात आले, कारण छायाचित्रांत मांडव रिकामा दिसू नये. उद्घाटन आटोपताच बिस्किटांचे पुडे वाटून मुलांना टेम्पोत बसवून परत पाठवले. चाळीसएक ग्रंथदालने तेथून शंभर पावलांवर होती आणि त्यांतले एकही त्या मुलांनी पाहिले नाही. टेम्पोत चढताना चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "बाई, पालखीतलं पुस्तक उघडून बघायला मिळतं का?" मी तिला काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. प्रश्न मात्र विसरता आलेला नाही.

मुलांसाठी काहीच होत नाही, असे माझे म्हणणे नाही. संमेलनांत बालसाहित्याचा मेळावा होतो. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यास पुस्तक महोत्सव भरवतो. त्यालाही प्रवेशशुल्क नाही आणि मुलांसाठी तेथे स्वतंत्र दालन असते. मुंबईत १९९९ पासून जानेवारी-फेब्रुवारीत भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवात बालसाहित्याचा वेगळा विभाग आहे आणि डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत बसून लेखकांना विनामूल्य ऐकता येते. तेथील कारभार बराचसा इंग्रजीतून चालतो, ही माझी तक्रार आहे, तरी त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. परिसरातील ग्रंथालय, संग्रहालय, कलादालने यांच्या वास्तू आणि अंगणे हाच त्या महोत्सवाचा मांडव असतो. त्यामुळे मुलांना गोष्ट ऐकायला येण्याच्या निमित्ताने ग्रंथालयाची पायरी ठाऊक होते. आमच्याकडे तीन दिवसांची नगरी मैदानावर उभी राहते आणि चौथ्या दिवशी तेथे फक्त बांबूंचे खड्डे उरतात.

त्या ग्रंथोत्सवानंतरच्या वर्षी आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने आयोजकांकडे मांडवाच्या कडेला एक जागा मागितली. बरीच विनवणी केल्यावर जनित्राच्या शेजारची जागा मिळाली. आम्ही दोन सतरंज्या अंथरल्या, बालविभागातली साठ-सत्तर पुस्तके उघडी मांडली आणि 'हात लावा' अशी पाटी लावली. पाटी लावण्याचे कारण असे, की विक्रीच्या दालनांत मुलांची बहुतेक पुस्तके प्लास्टिकच्या वेष्टनात असतात आणि विक्रेत्याचा त्यात दोष नाही. चुरगळलेले पुस्तक कोण विकत घेणार? ज्या मुलाने आयुष्यात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक हाताळलेले नाही, त्याला ते वेष्टन भिंतीसारखे वाटते. आमच्या सतरंजीवर पहिल्या दिवशी दुपारी मोजकी मुले होती. संध्याकाळी जागा पुरेना, कारण परिसंवाद ऐकायला आलेल्या आया आणि आजोबा मुलांना तेथे बसवून निर्धास्तपणे मांडवात जाऊ लागले होते. म्हणजे मुलांची सोय झाल्याने मोठ्यांच्या कार्यक्रमाचाही श्रोता वाढला. आयोजकांच्या हे लक्षात यावे एवढीच अपेक्षा होती; ते आले किंवा कसे, हे सांगता येत नाही, कारण त्याच्या पुढच्या वर्षी ती जागा एका जाहिरातदाराला देण्यात आली.

त्या सतरंजीवर सर्वांत जास्त गर्दी खेचली ती मात्र पुस्तकांनी नव्हे, तर बचत गटातल्या एका आजींनी. त्या थालीपिठाच्या गाड्यावर काम करायला आल्या होत्या. दुपारच्या निवांत वेळी मुलांजवळ येऊन बसल्या आणि जात्यावरच्या ओव्या म्हणू लागल्या. जाते म्हणजे काय, हे निम्म्या मुलांना ठाऊक नव्हते. मग त्यांनी हाताने खुंटा धरल्याचा, घास टाकल्याचा अभिनय करून दाखवला, मुलांना आपापल्या भावाबहिणीचे नाव घालून ओवी पुरी करायला लावली आणि बघता बघता तिसरी-चौथीची मुले ओव्या रचू लागली. लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांना दिल्लीच्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण दिला. लोकसाहित्यावर परिसंवाद ठेवतो, तेव्हा ते साहित्य ज्यांच्या तोंडी आहे त्या बायका त्याच मैदानावर भाकरी थापत असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. संयोजकांच्या कागदावर बचत गट 'भोजन व्यवस्था' या शीर्षाखाली असतात.

यावरून सहकार्याच्या मुद्द्याकडे येते. उत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत मागच्या पानावर सहकारी संस्थांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. आमच्या ग्रंथालयाचेही नाव अनेकदा छापून आले आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे पत्र येते ते उत्सवाच्या चार दिवस आधी, आणि त्यात मजकूर असतो तो 'आपल्या सभासदांसह व विद्यार्थ्यांसह बहुसंख्येने उपस्थित राहावे' एवढाच. ज्यांना काम सांगितले नाही, ज्यांचे मत विचारले नाही, त्यांना सहकारी म्हणणे ही शब्दाची चेष्टा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि आज राज्यात 'अ' पासून 'ड' पर्यंतच्या वर्गांची हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत. अनुदान तुटपुंजे आहे, सेवकांचे वेतन सांगायला संकोच वाटावा असे आहे. तरीही गावातले कोणते मूल काय वाचते, कोणत्या घरात आजी गोष्टी सांगते, कोणत्या शाळेतले गुरुजी स्वतः वाचतात, ही माहिती जिल्ह्याच्या ठिकाणच्या कोणत्याही समितीपेक्षा आमच्यापाशी अधिक आहे.

आणि ग्रंथालयेच कशाला? साने गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या कथामालेचे कार्यकर्ते अनेक तालुक्यांत आजही शाळांतून गोष्टी सांगतात. २०२४ मध्ये ९७ वे संमेलन अमळनेरला झाले, तेव्हा संमेलननगरीला साने गुरुजींचेच नाव देण्यात आले होते, आणि ते उचितच होते, कारण त्याच गावातल्या शाळेत त्यांनी शिकवले व वसतिगृहातल्या मुलांना आईच्या मायेने वाढवले. नाव देण्याइतकेच कथामालेला दररोज संध्याकाळचा एक तास आणि बसायला चांगली जागा देणे, हे प्रत्येक संमेलनात सहज होण्यासारखे आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवते. अशी मुलांच्या पुस्तकांची एक-एक पेटी उत्सवात सहभागी झालेल्या प्रत्येक शाळेने जाताना बरोबर न्यावी आणि तीन महिन्यांनी शेजारच्या शाळेशी बदलावी, यात कोणाला अडचण असण्याचे कारण नाही. पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, ते गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या वाचकांसाठी उघडल्यामुळे. पर्यटक तेथे आजही कोणाच्या तरी घरात बसून वाचतो. हे सहकार्य पत्रिकेवर छापण्याचे नाही.

पैशाचे म्हणाल, तर मुलांचे पुस्तक अजूनही नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे. दिंडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला बिस्किटाच्या पुड्याबरोबर शंभर रुपयांचे ग्रंथकूपन द्यावे आणि ते कोणत्याही दालनात चालावे. हजार मुलांमागे हा खर्च एक लाखाचा आहे. संमेलनाचा खर्च आता कोटींत मोजला जातो आणि स्मृतिचिन्हे, शाली व श्रीफळे यांवर काय जाते ते संयोजकांनीच आपापल्या हिशेबात पाहावे. कूपनाचे पैसे प्रकाशकांकडेच जाणार असल्याने तेही मुलांची पुस्तके आवर्जून आणतील. मूल स्वतः निवडेल, चुकीचे निवडेल, मैत्रिणीचे बरे होते म्हणून हळहळेल. वाचक असाच घडतो. स्थानिक व्यापारी संघ, पतसंस्था, शिक्षक संघटना यांना फलकावरील नावाच्या बदल्यात या कूपनांचा वाटा उचलायला सांगावा. ते नाही म्हणणार नाहीत, असा माझा गावातला अनुभव आहे.

सोयींविषयी फार लिहीत नाही, कारण त्या कोणालाही सुचाव्यात अशा आहेत. स्वच्छतागृहे मांडवापासून जवळ आणि उजेडात असावीत, पिण्याचे पाणी मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर असावे, आणि स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष असावा. बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, एसटीच्या एका गाडीलाही आपण हिरकणी म्हणतो. तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या त्या मातेची कथा ज्या भाषेत सांगितली जाते, त्या भाषेच्या संमेलनात तान्ह्या बाळाला पाजायला आडोसा नसतो. कार्यक्रमांच्या वेळा ठरवताना शेवटच्या एसटीची वेळ कोणी पाहत नाही. कविसंमेलन रात्री साडेनऊला सुरू होते आणि खेड्यांकडे जाणारी मुक्कामाची गाडी साडेसातला सुटलेली असते.

पुण्याच्या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी तीन हजारांहून अधिक पालकांनी एकाच वेळी मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याचा जागतिक विक्रम नोंदवला, तेव्हा मला आनंदच झाला होता. विक्रमाच्या ओढीने का होईना, इतक्या आईबापांनी मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचले. ग्रंथपालाच्या सवयीने मनात एवढेच आले, की त्यांपैकी किती जणांना घराजवळच्या ग्रंथालयाचा पत्ता त्या दिवशी मिळाला असेल? उत्सवात आलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्याच्या गावातल्या किंवा प्रभागातल्या ग्रंथालयाच्या बालविभागाची, पहिल्या तीन महिन्यांची वर्गणी माफ असलेली सभासदपत्रिका जागेवरच करून द्यावी. त्यासाठी एक टेबल, दोन खुर्च्या आणि जिल्हा ग्रंथालय संघाचे दोन कार्यकर्ते पुरेसे आहेत.

शंभराव्या संमेलनाच्या आणि येत्या वर्षीच्या ग्रंथोत्सवांच्या संयोजकांना माझी विनंती आहे, की कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी, निदान तीन महिने आधी, परिसरातील ग्रंथपाल, कथामालेचे कार्यकर्ते, प्राथमिक शिक्षक आणि बचत गटांतील महिला यांची एक बैठक बोलवावी आणि मुलांच्या विभागाची जागा, वेळ व खर्च त्यांच्यासमोर ठरवावा. आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने दोन सतरंज्या, बालविभागातील पुस्तके आणि दोन सेवक तिन्ही दिवस देण्याचा ठराव केला आहे. जागा जनित्रापासून लांब मिळावी.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा